कमाई बदलली, घरातला करार मात्र जुनाच

प्रश्न थोडक्यात असा: 'मी चाळिशीतला. बायको आणि मी दोघंही नोकरी करतो, दोन मुलं आहेत. बाबा निवृत्त झाल्यावर दीड वर्षापूर्वी आईबाबा आपलं राहतं घर बंद करून आमच्याकडे आले. पैशाची चणचण नाही, सोयी सगळ्या आहेत, तरी घरात सतत धुसफूस. भांडणाला खरं तर कारणच नसतं. बाबा म्हणतात, पूर्वी पैसा कमी होता पण माणसं एकत्र होती; आता पैसा आला आणि माणसं दुरावली. बायको म्हणते, मी काय करते ते या घरात कोणाला दिसतच नाही. सामाजिक आणि आर्थिक बदलांचा कुटुंबावर नेमका काय परिणाम होतो, आणि आमच्यासारख्यांनी काय करावं?'

'भांडणाला कारणच नसतं' हे तुमचं वाक्य मला या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पंचवीसहून जास्त वर्षं मी कौटुंबिक समुपदेशन करते आहे आणि बिनकारणाचं भांडण मी अजून पाहिलेलं नाही. कारण असतंच, फक्त जिथे ठिणगी पडते तिथे ते सापडत नाही. टीव्हीचा आवाज, पलंगावरचा ओला टॉवेल, 'मला न विचारता कसं ठरवलंत' ही सगळी निमित्तं. खाली काहीतरी मोठं सरकलेलं असतं आणि ते सरकलंय हे घरात कोणी मोठ्याने बोललेलं नसतं.

प्रत्येक घर एका न लिहिलेल्या करारावर चालतं. कमवायचं कोणी, सांभाळायचं कोणी, मूल तापलं की रजा कोणी टाकायची, मोठा खर्च कोणाच्या शब्दावर होणार, कोणापुढे आवाज चढवायचा नाही, हे सगळं त्यात येतं. बसून कोणी ठरवलेलं नसतं, पाहून पाहून अंगात मुरलेलं असतं. त्या कराराच्या तळाशी एक हिशेब असतो: कोण कोणावर अवलंबून आहे. जमीन किंवा धंदा बापाच्या नावावर असतो तेव्हा तिशीतला मुलगाही बापाचा शब्द मोडत नाही. त्यात माया असते, धाक असतो, आणि जमीनही असते. आर्थिक बदल घरात शिरतो तो आधी या हिशेबात. मुलाला स्वतःचा पगार मिळू लागतो, सून कमावती होते, वडिलांचं काम सुटतं, मुलं शिकायला दूर जातात. हिशेब एका वर्षात बदलतो आणि करार मात्र पुढची वीस वर्षं जुनाच चालू राहतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ साली अशीच मांडणी केली होती: साधनं आणि तंत्रं पुढे निघून जातात, रीती आणि नियम मागून येतात, आणि मधल्या अंतरात माणसांची ओढाताण होते. त्यांनी ते समाजाबद्दल लिहिलं. मला ते रोज समोरच्या दोन खुर्च्यांवर बसलेलं दिसतं.

आता बाबांचं म्हणणं घेऊ. ते खोटं बोलत नाहीत, पण त्यातलं सगळं खरंही नाही. 'पूर्वी सगळीकडे मोठमोठी एकत्र कुटुंबं होती' हे चित्र इतिहासकारांनी तपासून पाहिलंय. केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शंभर वस्त्यांच्या जुन्या नोंदी काढल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तिथल्या घरातली सरासरी माणसं साधारण ४.७५, म्हणजे पावणेपाचच्या आसपासच राहिली. कारखाने येण्याच्या आधीसुद्धा. तिथे लग्नं उशिरा होत, जोडपी वेगळं घर थाटत, आणि नातवंडांचं कौतुक करायला आजीआजोबा फार वर्षं हयातच नसत. आपल्याकडे चित्र वेगळं होतं हे खरं. पण समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुव्याची घरं अभ्यासली तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं की चूल वेगळी झाली म्हणून कुटुंब तुटलं असं होत नाही. वेगळी राहणारी घरंसुद्धा मालमत्ता, देणंघेणं, कार्यं आणि अडीअडचण यांनी एकमेकांशी बांधलेली होती. एका छताखाली राहणं आणि एकत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या घरात पहिली आहे. दुसरीची घडी अजून बसायची आहे.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे पण सांगायला हवी. लहानपणी सगळे एकत्र होते ही बाबांची आठवण खरी असेल. पण ते तेव्हा लहान होते. मुलाला जेवायला बसलेली पंगत दिसते, ती पंगत उठेपर्यंत कोण उभं होतं ते दिसत नाही. हाच प्रश्न त्या घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेला विचारला असता तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. जुनी घरं वाईट होती असं मला म्हणायचं नाही. त्यांत जो एकोपा होता त्याची किंमत कोणी ना कोणी भरत होतं, आणि ते माणूस बहुधा न बोलणारं होतं.

बदल नेमका कुठे झाला? माझ्या मते सगळ्यात मोठा बदल एका साध्या गोष्टीत आहे: पगारावर एकाच माणसाचं नाव असतं. शेतीत, विणकामात, कुंभाराच्या आव्यावर घर हीच कामाची जागा होती. सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या हाताला काही तरी होतं आणि पीक किंवा माल सगळ्यांचा मिळून निघायचा. कारखाना आणि कचेरी आली तशी मोजलं जाणारं काम घराबाहेर गेलं. ज्याला पगार मिळाला तो 'कमावता' झाला आणि घरात उरलेल्या कामाला 'घरकाम' हे नाव पडलं. काम तेवढंच होतं, पण त्याचा दर शून्य झाला. समाजशास्त्रज्ञ विल्यम गूड यांनी १९६३ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतली कुटुंबं ताडून पाहिली आणि म्हटलं, उद्योगीकरण येतं तिथे नवरा-बायको-मुलं या छोट्या कुटुंबाकडे ओढा वाढतो. त्यांना त्यात फक्त नुकसान दिसलं नाही. स्वतःच्या नावाचा पगार म्हणजे स्वतःच्या पसंतीचा जोडीदार, नको त्या जाचातून सुटका, हवं तिथे राहण्याची मुभा. ज्यांना जुन्या घरात आवाज नव्हता त्यांना या बदलाने आवाज दिला. म्हणून 'पैशाने माणसं तोडली' हे वाक्य ऐकलं की मला नेहमी विचारावंसं वाटतं: कोणती माणसं, कोणापासून?

मुलांच्या बाबतीतही हिशेब असाच उलटला. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी हे फार नेमकं मांडलं. जुन्या व्यवस्थेत संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहत होती, कारण मूल लवकर कामाला लागायचं आणि म्हातारपणी आधार व्हायचं. शाळा सार्वत्रिक झाली की प्रवाह फिरतो आणि आईबापांकडून मुलांकडे वाहू लागतो. मग मुलं कमी होतात आणि प्रत्येक मुलावरची गुंतवणूक वाढते. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मुलं इतका दर खाली आला. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात. तुमच्या दोन मुलांच्या वेळापत्रकाभोवती सगळं घर फिरतं आणि बाबांना ते लाड वाटतात, त्यामागे हेच आहे. बाबांच्या लहानपणी मूल घराच्या वेळापत्रकात बसायचं.

आता बाबांविषयी थोडं थांबून बोलते, कारण तुमच्या प्रश्नात ते तक्रार करणारे म्हणून आले आहेत आणि मला ते या बदलात सगळ्यात जास्त हरवलेले वाटतात.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची छोटी वस्ती होती. जवळजवळ सगळी वस्ती एका कापड गिरणीवर जगायची. मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या समाजशास्त्रज्ञांच्या गटाने १९३१ च्या सुमारास घराघरांत मिसळून या वस्तीचा अभ्यास केला, आणि १९३३ मध्ये त्यांनी जे लिहिलं ते आजही आमच्या कामात उपयोगी पडतं. त्यांना वाटलं होतं, रिकामा वेळ मिळाल्यावर माणसं वाचतील, बैठका घेतील. झालं उलट. ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्मी झाली. रस्त्यावरून जाणारे पुरुष हळू चालू लागले, वाटेत थांबत, उगाच उभे राहत. दिवसभरात काय केलं ते तासागणिक लिहा म्हटलं तर त्यांच्या कागदावर दोन-तीन गोष्टींपलीकडे काही नसायचं. बायकांचं काम सुटलंच नव्हतं. घर, मुलं, जुने कपडे उसवून पुन्हा शिवणं, अर्ध्या पैशात संसार. त्या झपझप चालत. आणि त्यांची एक तक्रार होती: नवऱ्याला दिवसभर काही काम नसतं, तरी तो जेवायला वेळेवर येत नाही!

पोटापुरतं निवृत्तिवेतन असलेल्या बाबांची आणि उपासमारीतल्या गिरणी कामगारांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण काम पगाराखेरीज आणखी काय देतं ते मारिएन्थालने दाखवलं. दिवसाला चौकट, ठरलेल्या वेळी भेटणारी चार माणसं, आपली कोणाला गरज आहे ही जाणीव. हे सगळं तुमच्या बाबांकडून एकाच वर्षात गेलं. शिवाय ते स्वतःचं घर सोडून आले. तिथे ते घरमालक होते. तुमच्याकडे कितीही प्रेमाने ठेवलंत तरी ते पाहुण्यासारखे आहेत. टीव्हीचा आवाज मोठा ठेवणं ही त्यांच्या हातात उरलेली थोडीफार सत्ता असू शकते.

अशा एका गृहस्थांची गोष्ट सांगते. नाव-गाव सोडून, ओळख पटेल असं काही ठेवत नाही. सत्तरीचे, आयुष्यभर हिशेबाच्या कामात घालवलेले. स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून पैसे पाठवायचे तर मोबाईलवर ओटीपी यायचा आणि तो कुठे दिसतो ते त्यांच्या लक्षात राहायचं नाही. मग ते चौदा वर्षांच्या नातवाला हाक मारायचे. नातू कानातलं यंत्र न काढता फोन हातात घ्यायचा, दोन सेकंदांत आकडा टाकायचा आणि 'झालं' म्हणून परत द्यायचा. घरच्यांची तक्रार होती की आजोबा नातवावर कारण नसताना खेकसतात. मी आजोबांना एकटं भेटले. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'माझ्याच पैशाला मला त्याची परवानगी घ्यावी लागते.' एके काळी ज्ञान म्हातारपणाबरोबर वाढायचं. पाऊस कधी येणार, जनावर का आजारी आहे, कोणाशी सोयरीक करावी, हे वडीलधाऱ्यांना विचारलं जायचं. आता घरातल्या सगळ्यात धाकट्याला विचारावं लागतं. हा आदराचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो ज्ञानाचा बाजारभाव बदलल्याचा प्रश्न आहे. त्या घरात आम्ही फार काही केलं नाही. नातवाने कानातलं काढून शेजारी बसायचं, फोन आजोबांच्याच हातात ठेवायचा आणि आकडा आजोबांनी टाकायचा, एवढंच ठरलं. वेळ जास्त लागायचा. खेकसणं महिन्याभरात बरंच कमी झालं.

तुमच्या पत्नीचं वाक्य, 'मी काय करते ते कोणाला दिसतच नाही', हे शब्दशः खरं आहे. जागतिक श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात बिनपगारी सेवा आणि घरकामाचे जेवढे तास भरतात त्यांपैकी ७६.२ टक्के स्त्रिया भरतात. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केलं आणि १९८९ मध्ये 'दुसरी पाळी' हा शब्द रूढ केला: बाहेरची पाळी संपली की बाईची घरातली पाळी सुरू होते. बाईची कमाई घराने स्वीकारली, घरकामाची वाटणी मात्र जागची हलली नाही. त्यांच्या शब्दांत ही क्रांती मध्येच अडकली.

'पण आता यंत्रं आहेत की' हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याबद्दल थोडं सांगतेच. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी अमेरिकेतल्या घरगुती यंत्रांचा इतिहास लिहिला आहे. त्यांना दिसलं की सुधारित शेगडी, नळ, तयार पीठ यांनी आधी पुरुषांचं आणि मुलांचं काम कमी केलं. लाकूड फोडणं, पाणी भरणं, दळण दळून आणणं ही त्यांची कामं संपली. रांधणं, धुणं, निगा ही बाईची कामं राहिली आणि अपेक्षा वाढल्या. कपडे धुवायला यंत्र आलं तसे कपडे रोज धुतले जाऊ लागले. यंत्राने कष्ट हलके केले यात शंका नाही, मी कोणालाही पाट्यावर वाटायला परत पाठवणार नाही. पण यंत्र कधी लावायचं, पावडर संपत आलीय, गणवेश उद्या लागणार आहे, हे लक्षात कोणी ठेवायचं याची वाटणी यंत्र करून देत नाही.

मी एक साधी गोष्ट करायला सांगते. घरातल्या प्रत्येकाने आठवडाभर कागदावर लिहायचं: आज घरासाठी काय केलं, आणि काय लक्षात ठेवलं. दुसरा भाग महत्त्वाचा. एका जोडप्यातला नवरा मनाने अगदी सरळ होता, कामचुकार नव्हता. त्याचा कागद अर्धा भरला. बिलं, गाडी, मुलीला क्लासला सोडणं. बायकोचे चार कागद आले. त्यात ओळी अशा होत्या: 'सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या गुरुवारी संपतात हे लक्षात ठेवणे.' 'मुलीची मैत्रीण तिच्याशी बोलत नाहीये, आज तिच्याशी बोलायचं.' 'नणंदेच्या मुलाचा निकाल, फोन करायचा, यांना आठवण करायची.' नवऱ्याने सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'माझ्या बहिणीला फोन मी करतो असं मला आजवर वाटत होतं.' त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. पुढच्या भेटीत ते स्वतःच वाटणी करून आले होते. यादी वाचून दाखवताना बाई म्हणाली, 'औषधांचं आता मी डोक्यातून काढून टाकलंय, पूर्ण.' 'पूर्ण' या शब्दावर तिने दिलेला जोर माझ्या लक्षात राहिला. मदत म्हणजे सांगितल्यावर करणं, आणि जबाबदारी म्हणजे दुसऱ्याला ती डोक्यात ठेवावीच न लागणं. तुमच्या घरात तुम्ही 'मदत' करत असाल, तर पत्नीला ती न दिसण्याचं कारण हेच आहे.

पैशाबद्दल तुम्ही 'चणचण नाही' म्हणून पुढे गेलात. तरी विचारते: घरातला पैसा कोणाच्या हातात येतो आणि कोणाच्या हातून जातो? हा प्रश्न किरकोळ नाही. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सरकारी सवलत वडिलांच्या पगारातून मिळायची ती बंद होऊन तेवढाच लाभ आईच्या हातात रोख मिळू लागला. घराचं एकूण उत्पन्न फारसं बदललं नव्हतं, फक्त पाकीट बदललं. अर्थशास्त्रज्ञ शेली लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी नंतर खर्चाच्या नोंदी तपासल्या तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला आढळला. म्हणजे 'घरात आलेला पैसा सगळ्यांचा' हे म्हणायला छान आहे, पण तो कोणाच्या हातून आला यावर तो कुठे जातो ते ठरतं. तुमच्या आईच्या हातात, कोणाला न विचारता खर्च करता येईल असे, दरमहा किती पैसे असतात? मी अनेक सुखवस्तू घरांत हा प्रश्न विचारला आहे आणि मुलाला उत्तर माहीत नसतं.

ज्यांच्या घरी खरोखर ओढगस्त आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण तुमच्या निमित्ताने ते वाचतील. नोकरी गेली किंवा कर्ज वाढलं की त्याचा परिणाम मुलांवर कसा होतो, यावर चांगलं काम झालं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या शेतीसंकटानंतर रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी आयोवातली साडेचारशे ग्रामीण कुटुंबं अभ्यासली. पैशाची तंगी मुलापर्यंत थेट पोचत नाही, ती आईबापांच्या मनातून जाते, असं त्यांना दिसलं. आधी आईबाप खचतात, मग त्यांचं आपसात बिनसतं, मग मुलांवर राग निघतो, आणि मग मूल बिघडल्यासारखं दिसतं. जिथे नवरा-बायको एकमेकांना धरून होते तिथे ही साखळी मध्येच तुटत होती. त्याआधी ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांचा माग मोठेपणापर्यंत काढला होता. मंदी आली तेव्हा जी मुलं किशोरवयाच्या उंबरठ्यावर होती, ज्यांनी घरात कामं उचलली, बाहेर छोटी मोठी कामं केली, ती पुढे बऱ्यापैकी सावरली. जी त्या वेळी अगदी लहान होती, विशेषतः मुलगे, त्यांना जास्त झळ बसली. म्हणून अडचणीच्या काळात मोठ्या मुलांपासून सगळं लपवू नका असं मी सांगते. त्यांना झेपेल एवढं खरं सांगा आणि झेपेल एवढं काम द्या. लहानग्यांना मात्र ठरलेली झोपायची वेळ, ठरलेली गोष्ट, ठरलेला हात, एवढं कसंही करून टिकवा.

एका बाबतीत मी ठाम आहे. मारहाण, धमकी, व्यसनापायी होणारी लूट, पैसा किंवा फोन काढून घेऊन कोंडणं यांना 'बदलत्या काळाचा ताण' म्हणायचं नाही. तिथे नवा करार लिहायला बसू नका. आधी सुरक्षित व्हा, कायद्याची आणि जाणत्या माणसांची मदत घ्या. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून मी पुढचं लिहिते आहे.

सगळा भार घरावर टाकणंही मला पटत नाही. आठवड्याचे साठ तास काम मागणारी कचेरी, पाळणाघराचा अभाव, म्हाताऱ्यांना दिवसभर बसता-बोलता येईल अशा जागेचा अभाव, यातून निर्माण झालेली भांडणं नवरा-बायकोने कितीही समजुतीने घेतलं तरी पुरती मिटत नाहीत. नियम बदलला की घरं बदलतात हे दिसलेलं आहे. स्वीडनने १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेऐवजी आई-वडील दोघांना वाटून घेता येईल अशी पालकत्वाची रजा आणली. तरी बहुतेक रजा आयाच घेत राहिल्या. १९९५ मध्ये एक महिना असा राखीव ठेवला की वडिलांनी तो घेतला नाही तर बुडेल. मग रजा घेणारे वडील एकदम वाढले. म्हणून तुमच्या नोकरीत रजेचे, वेळेचे जे काही अधिकार आहेत ते वापरा, आणि तुमच्या हाताखालच्या माणसाने वापरले तर नाक मुरडू नका. घरातला करार कचेरीतही लिहिला जातो.

आता तुमच्या घरापुरतं. आठवडाभर कागद लिहा, पाचवीपुढच्या मुलांनीसुद्धा. मग सुटीच्या दिवशी, कोणी दमलेलं नसताना, सगळे एकत्र बसा. त्या बैठकीत 'कोण चुकतं' हा विषय काढायचा नाही. फक्त विचारायचं की या यादीतलं कोणतं काम कोणी पूर्णपणे घ्यायचं. बाबांना 'तुम्ही आराम करा' म्हणू नका. हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि माणसाला घराबाहेर ढकलतं. त्यांना खरी जबाबदारी द्या, जी त्यांनी नाही केली तर खरोखर अडेल. घराचे कर आणि बिलं असतील, नातवाचं गणित असेल, एखाद्या संध्याकाळी मुलांना आणणं असेल. त्यांची पद्धत वेगळी असेल. ती चालवून घ्यावी लागेल. तुमच्या पत्नीला बाबांनी एखाद्या गोष्टीत विचारलं, सल्ला मागितला, तर त्या दोघांमधला अर्धा ताण उतरेल असा माझा अंदाज आहे. पण हे बाबांना तुम्हीच सांगायला हवं, सुनेने नाही. तुम्ही मध्ये उभे आहात. 'दोघांनी आपसात काय ते बघून घ्या' म्हणून बाजूला होणं ही या जागेवरची सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

एका बैठकीत काही सुटणार नाही. दुसऱ्या आठवड्यात बहुधा सगळं जुन्या वळणावर जाईल, कोणीतरी म्हणेल 'हे कागदी घोडे पुरे'. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बसा. तीन-चार महिन्यांनी तरी कोंडी तशीच असेल तर समुपदेशकाकडे जा, आणि जमलं तर चौघंही जा.

राहिल्या तुमच्या आई. बाबा काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत, पत्नी काय म्हणते ते लिहिलंत. आई काय म्हणतात ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. त्यांचंही घर सुटलंय, शेजार सुटलाय, आणि त्यांचं स्वयंपाकघर आता दुसऱ्या बाईचं आहे. त्यांच्याकडूनही कागद लिहून घ्या. पहिले दोन दिवस त्या 'मी काय करते, काही नाही' असंच म्हणतील. तेव्हा पेन तुम्ही घ्या, शेजारी बसा आणि विचारत विचारत तुम्हीच लिहा, सकाळी त्यांना जाग येते तिथपासून.